काचेवरचा तीळ

(हेदवी येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



गावात आयुष्यभर रुग्ण तपासलेल्या एका डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. बोलायला बोलावणं आलं तेव्हा विषय मीच मागून घेतला. पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझं काम सूक्ष्मदर्शकापाशी बसून चालतं. रुग्ण मला सहसा दिसत नाही, त्याचा तुकडा दिसतो. अंगावरच्या तिळाचा निकाल मी काचेवर लावते हे खरं. पण त्यातलं निम्मं काम माझ्यापर्यंत तुकडा पोचण्याआधीच होऊन गेलेलं असतं. तीळ कुणी काढला, कसा काढला, कोणत्या बाटलीत घातला, सोबतच्या चिठ्ठीवर काय लिहिलं, हे सगळं गावातच ठरतं. म्हणून हा विषय इथे येऊन बोलावासा वाटला.

तीळ नसलेला माणूस क्वचितच सापडेल. वैद्यकीय दाखल्यावर ओळखीची खूण म्हणून आपण तो बिनदिक्कत लिहून देतो. त्याची वर्गवारी करायची हौसही जुनीच आहे. सामुद्रिकवाले तिळाच्या जागेवरून भविष्य सांगतात, ते बाजूला ठेवू. पण सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचा अध्याय आहे, त्यात तिलकालक, मषक आणि जतुमणि असे तीन प्रकार वेगळे काढले आहेत. तिलकालक म्हणजे तिळाएवढा, काळा, न दुखणारा, त्वचेच्या पातळीतच असलेला. मषक उडदासारखा वर आलेला. जतुमणि जन्मापासूनचा. सपाट, उंच आणि जन्मजात हा भेद हातात भिंग नसताना केलेला आहे, आणि सूक्ष्मदर्शकाखालीही या तिन्हींची रचना वेगवेगळी दिसते. मला या नजरेचं फार कौतुक वाटतं.

आता तीळ म्हणजे नेमकं काय? आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी पेशींची एक रांग असते. तिच्यात अधूनमधून रंग तयार करणाऱ्या पेशी बसलेल्या असतात, त्या मेलॅनोसाईट. गर्भात मज्जासंस्थेच्या कडेला असलेल्या पेशींमधून निघून त्या त्वचेपर्यंत प्रवास करत येतात. एकेक मेलॅनोसाईट आपल्या लांब फांद्यांमधून भोवतालच्या साधारण ३६ पेशींना रंगाचे कण पुरवते. गोऱ्या आणि सावळ्या माणसात या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो कणांच्या आकारात आणि ते कसे पसरतात त्यात. याच कुळातल्या पेशी एका जागी पुंजक्यांनी जमल्या की तीळ होतो. तिथे त्या फांद्या आवरून घेतात, गोल होतात आणि एकमेकींना चिकटून राहतात.

लहानपणी हे पुंजके बहुधा बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्या सीमेवर असतात. तीळ तेव्हा सपाट आणि गडद दिसतो. त्याला आम्ही जंक्शनल म्हणतो. वय वाढतं तसे काही पुंजके खालच्या थरात दिसू लागतात, तीळ थोडा वर येतो, हा कंपाऊंड. आणखी वर्षांनी सीमेवरचे पुंजके संपतात, सगळ्या पेशी खालीच उरतात, तीळ फिकट, मऊ आणि उंच होतो, हा इंट्राडर्मल. पेशी वरून खाली ठिबकत जातात अशी मांडणी जर्मन त्वचातज्ज्ञ पॉल उन्ना यांनी १८९३ मध्ये केली. ती तशीच्या तशी खरी की नाही यावर नंतर पुष्कळ वाद झाले. पण काचेवर रोज दिसतं ते असं: वरच्या पेशी मोठ्या, रंगाने भरलेल्या, मधल्या लहान, लिम्फोसाईटसारख्या, तळाशी बारीक, लांबट, मज्जातंतूसारख्या. खोल जाताना पेशी लहान आणि शांत होत जातात याला आम्ही मॅच्युरेशन म्हणतो. तळाशी पोचूनही पेशी वरच्याइतक्याच मोठ्या असतील, विभागत असतील, तर मी खुर्चीत सरसावून बसते.

तुकडा माझ्यापर्यंत येतो तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत. आम्ही तो मोजतो, कडांना शाई लावतो, काप घेतो. पाणी काढून मेणात बसवतो, तो झाला ब्लॉक. मायक्रोटोमच्या पात्याने त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग. केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी. मेलॅनिनला रंग द्यावा लागत नाही, ते आपलं तपकिरीच असतं.

लोकांना वाटतं, मग आम्ही सगळ्यात मोठ्या भिंगाखाली एखादी वाईट पेशी शोधत बसतो. तिळाच्या बाबतीत काम उलट्या बाजूने सुरू होतं. सगळ्यात कमी क्षमतेचं भिंग लावून आधी तीळ अख्खा बघायचा. वरच्या सड्यावर उभं राहून खाली आपली वाडी बघावी तसं. घरं कुठे दाट, कुठे विरळ, वाडीची कड कुठे संपते, हे तिथूनच कळतं. निरुपद्रवी तीळ बहुधा दोन्ही बाजूंनी सारखा असतो. त्याची कड ठळकपणे संपते. पुंजके साधारण एका मापाचे, एका अंतरावर. मेलॅनोमात, म्हणजे मेलॅनोसाईटच्या कर्करोगात, एक बाजू दुसरीशी जुळत नाही. कड संपता संपत नाही. पुंजके संपले तरी सुट्या पेशी सीमेवरून पुढे जात राहतात. काही पेशी बाह्यत्वचेत वर चढतात, अगदी पृष्ठभागापर्यंत. हे पाहून झाल्यावर मोठं भिंग, केंद्रकं, विभाजन. एकट्या पेशीच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला तर फसगत होते, कारण साध्या तिळातही एखाददुसरी विचित्र पेशी असते.

ही फसगत किती मोठी असू शकते ते सोफी स्पिट्झ या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टच्या कामातून कळतं. लहान मुलांच्या अंगावरचे काही गुलाबी, झपाट्याने वाढणारे डाग सूक्ष्मदर्शकाखाली थेट मेलॅनोमासारखे दिसत आणि मुलं मात्र ठणठणीत राहत. १९४८ मध्ये स्पिट्झ यांनी अशा १३ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी त्याला मुलांमधला मेलॅनोमा म्हटलं खरं, पण तो मोठ्या माणसांच्या मेलॅनोमासारखा वागत नाही हे ठामपणे नोंदवलं. तेरापैकी एकच मूल दगावलं. पुढे कळलं की ही गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवीच असते. आज ती स्पिट्झ नीव्हस म्हणून ओळखली जाते; नीव्हस म्हणजे तीळ. त्या स्वतः १९५६ मध्ये, पन्नाशीच्या आतच कर्करोगाने गेल्या. काचेवर दिसणाऱ्या चित्रापुढे त्यांनी मुलांचं वय ठेवलं आणि ती मुलं पुढे कशी राहिली हे ठेवलं. चिठ्ठीवर रुग्णाचं वय लिहिलेलं नसतं तेव्हा मला नेहमी त्या आठवतात. सहा वर्षांच्या मुलाच्या गालावरची गाठ आणि साठीच्या माणसाच्या पाठीवरची तशीच दिसणारी गाठ यांचे रिपोर्ट एकसारखे होऊच शकत नाहीत.

बाकीच्या प्रकारांची ओळख धावती करून देते. ब्लू नीव्हस: रंगाच्या पेशी खोल असल्याने प्रकाश विखुरतो आणि तपकिरी रंग निळा दिसतो, टीश यांनी १९०६ मध्ये त्याचं वर्णन केलं. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेखाली निळसर डाग असतो तोही असाच खोल रंगाचा. तो मारल्याचा वण नाही, बहुतेकांचा वाढत्या वयात मावळतो, त्यावरून घरात कुणाला बोल लावू नये. हेलो नीव्हस: तिळाभोवती पांढरं वलय पडतं, कारण शरीराच्या संरक्षक पेशी तिळावर चालून आलेल्या असतात. आणि जन्मजात तीळ: त्याच्या पेशी केसांच्या मुळांपर्यंत, घामाच्या ग्रंथींभोवती खोल उतरलेल्या असतात. २० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या जन्मजात तिळावर मात्र डॉक्टरांची नजर कायम हवी.

निरुपद्रवी तीळ आणि मेलॅनोमा या दोन टोकांच्या मधे एक पट्टा आहे आणि आमची खरी कसोटी तिथे लागते. १९७८ मध्ये वॉलेस क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलॅनोमा असलेल्या काही कुटुंबांमधले मोठे, वेडेवाकडे तीळ वर्णन केले. त्यातून डिस्प्लास्टिक नीव्हस हे नाव पुढे आलं. बर्नार्ड अॅकरमन यांना ते नाव मान्य नव्हतं. त्यांच्या मते तो फक्त तिळाचा एक नेहमीचा प्रकार होता. दोघेही थोर, आणि वाद कित्येक वर्षं चालला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात या तिळांच्या कमी आणि जास्त अशा दोनच श्रेणी ठेवल्या आहेत. मला हा बदल शहाणपणाचा वाटतो, कारण तीन-चार बारीक पायऱ्या कागदावर करता येतात, डोळ्यांना त्या पेलत नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास याची साक्ष देतो. १८७ पॅथॉलॉजिस्टना मिळून २४० रुग्णांच्या स्लाईड वाचायला दिल्या, निदानं पाच वर्गांत मांडली आणि तज्ज्ञांच्या एकमताशी ताडून पाहिली. पहिल्या वर्गात, म्हणजे साध्या तिळात, ९२ टक्के मेळ. पाचव्यात, म्हणजे खोल गेलेल्या मेलॅनोमात, ७२ टक्के. मधल्या तीन वर्गांत अनुक्रमे २५, ४० आणि ४३. तीच स्लाईड त्याच पॅथॉलॉजिस्टला काही महिन्यांनी पुन्हा दिली, तर दुसऱ्या वर्गात स्वतःशीच मेळ ३५ टक्के.

हे आकडे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. ज्या पट्ट्यात जाणकारांचं जुळत नाही तिथे रिपोर्टात शंका शंका म्हणूनच लिहिली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. एका शब्दात उरकलेला रिपोर्ट रुग्णाला बरा वाटतो, डॉक्टरलाही सोपा जातो. पण "निश्चित सांगता येत नाही, तीळ पूर्ण निघालेला नाही, कडेसह पुन्हा काढावा" हे वाक्य रुग्णाच्या अधिक उपयोगाचं असतं. असं वाक्य दिसलं तर लॅब बदलू नका, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला तीच स्लाईड दाखवा.

आता आपल्या त्वचेबद्दल. त्वचेच्या कर्करोगावरची पुस्तकं बहुतेक गोऱ्या लोकांच्या देशात लिहिलेली. त्यात ऊन हा मुख्य आरोपी. आपल्याकडे मेलॅनोमा मुळात विरळ. पण होतो तेव्हा तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा यांचा वाटा मोठा असतो, आणि तिथे ऊन पोचत नाही. या जातीचा मेलॅनोमा रिचर्ड रीड यांनी १९७६ मध्ये वेगळा काढला. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली होता तो याच प्रकारचा; १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. कोकणातल्या पायांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. चिखलणीत, कातळावर, खडकांवरची कालवं काढताना पाय सोलवटतात. ठेच लागून नख काळं पडणं नित्याचं. म्हणूनच तळपायाचा काळा डाग कुणाच्या मनावर येत नाही. ठेचेने साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि वर्ष-दीड वर्षात नखासोबत निघून जातं. जो काळा पट्टा पुढे सरकत नाही, रुंदावतो, आणि नखाच्या कडेच्या कातडीवर उतरतो, तो दाखवायचा. जोनाथन हचिन्सन यांनी ही खूण १८८६ मध्येच सांगून ठेवली आहे. म्हातारीकोतारी माणसं कुणाला तळपाय दाखवत नाहीत. सून, नात, शेजारीण, कुणीतरी आंघोळीनंतर एकदा पाहावेत.

तळपायाचा तीळ काचेवर वाचणं अवघडही असतं. तिथल्या निरुपद्रवी तिळातही काही पेशी वर चढलेल्या दिसतात; दुसरीकडे जे कर्करोगाचं लक्षण, ते इथे नेहमीचं. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. लॅबमध्ये तुकड्याचा काप या रेषांना काटकोनात घ्यावा लागतो. रेषांच्या दिशेने काप गेला, तर व्यवस्थित पुंजके सलग रांगेसारखे दिसतात आणि साधा तीळ संशयास्पद वाटू लागतो. चिठ्ठीवर नुसतं "काळा डाग" लिहून आलं, तर काप घेणाऱ्याला हे कळणार कसं? "उजवा तळपाय, टाच" एवढे तीन शब्द निदान बदलू शकतात. सावळ्या त्वचेची आणखी एक अडचण: प्रथिनं ओळखायच्या खास तपासण्यांमध्ये साधारणपणे तपकिरी रंग उमटवतात आणि आपल्या स्लाईडवर मेलॅनिनही तपकिरीच. मग लाल रंग उमटवणारं रसायन वापरायचं, नाहीतर आधी मेलॅनिन धुऊन काढायचं. पुस्तकात ही तळटीप असते. आपल्या लॅबमध्ये ती पहिल्या ओळीत असायला हवी.

आणि आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः आले ती गोष्ट: जाळलेला तीळ. कुणी चुना आणि सोडा लावतं, कुणी घोड्याचा केस बांधतं, कुणी पार्लरमध्ये जाळून घेतं. या जाळण्यामागे परंपरा आहे हेही मला माहीत आहे. सुश्रुताने कापून झाल्यावर क्षाराने किंवा अग्नीने डागायला सांगितलंच आहे. त्या काळी कापलेला तुकडा तपासायची सोय नव्हती. आज ती आहे. जाळलेल्या तिळाचा तपासण्याजोगा तुकडाच उरत नाही, आणि उरलाच तर उष्णतेने केंद्रकं ताणून रेषांसारखी झालेली असतात. त्याहून वाईट म्हणजे, तीळ अर्धवट गेला की खाली राहिलेल्या पेशी व्रणाच्या वर पुन्हा वाढतात. त्या वेड्यावाकड्या, सुट्यासुट्या, वर चढणाऱ्या असतात. काचेवर हे चित्र मेलॅनोमासारखं दिसतं. कॉर्नबर्ग आणि अॅकरमन यांनी १९७५ मध्ये याला स्यूडोमेलॅनोमा, म्हणजे मेलॅनोमाचा आभास म्हटलं. "याच जागी सहा महिन्यांपूर्वी तीळ जाळला होता" हे चिठ्ठीवर असेल तर मी व्रणाखाली पाहते, जुने शांत पुंजके सापडतात, आणि माणूस सुटतो. ते लिहिलेलं नसेल, तर त्याच माणसाला कर्करोगाचा रिपोर्ट मिळण्याचा धोका आहे. उलटही घडू शकतं. जाळलेला डाग मुळातच मेलॅनोमा असेल, तर तो कळण्याची पहिली आणि सर्वांत चांगली संधी धुरात गेली.

त्या संधीची किंमत मिलिमीटरमध्ये मोजता येते. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवलं की मेलॅनोमाच्या रुग्णाचं भवितव्य बऱ्याच अंशी त्याच्या जाडीवर ठरतं. वरच्या कणीदार थरापासून सर्वांत खोल पेशीपर्यंतचं अंतर. ०.८ मिलिमीटरच्या आतला, वर व्रण नसलेला मेलॅनोमा बहुतेकदा नुसता काढून बरा होतो. जाडी वाढते तसा धोका वाढत जातो. वरवर खरवडलेल्या तुकड्याला तळच नसतो, मग मोजायचं कुठवर?

"पण बाई, सुई-चाकू लावला की तो पसरतो म्हणतात." हा प्रश्न प्रत्येक गावात येतो, इथेही येणार, म्हणून आधीच उत्तर देते. बायोप्सीने मेलॅनोमा पसरत नाही. तपासायला उशीर झाला की तो खोल जातो, आणि खोल गेलेला पसरतो. शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या माणसाची शस्त्रक्रिया लोकांच्या लक्षात राहते, आधी अंगावर काढलेली दोन वर्षं राहत नाहीत.

वय, जागा, आधी काय केलं होतं हे विचारायची, काचेबाहेर बघायची ही रीत आमच्या विद्येत मुंबईतल्या एका मराठी माणसाने रुजवली. डॉ. वसंत रामजी खानोलकर १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासह भारतीय माणसांच्या सवयींशी जोडलेल्या तीन कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यातला एक कमरेवरचा, धोतर घट्ट कसून बांधल्याने वर्षानुवर्षं घासल्या गेलेल्या त्वचेचा. तो मेलॅनोमा नव्हे, पण पद्धत पाहा. नुसत्या स्लाईडवर तो त्वचेचा साधा कर्करोग होता. धोतर दिसलं ते रुग्णाकडे पाहिल्यावर. पुढे परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं तेही त्यांच्याच पुढाकाराने. पॅथॉलॉजिस्टने कपडे, तंबाखू, धंदा, चाल विचारावी हे त्यांच्या कामातून आम्ही शिकलो.

तर आता व्यवहाराचं. संशय वाटणारा तीळ, म्हणजे चाळिशीनंतर नव्याने आलेला, एका बाजूने वाढणारा, रंग बदलणारा, रक्त येणारा, गुहागर, चिपळूण, डेरवण, जिथे सर्जन किंवा त्वचातज्ज्ञ भेटेल तिथे दाखवा. तो काढायचा ठरला तर शक्यतो अख्खा, थोडी चांगली कातडी धरून. रुंद तोंडाची बाटली, तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मॅलिन. सलाईनमध्ये किंवा कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून नको, तो कुजतो. चिठ्ठीवर वय, नेमकी जागा, किती दिवसांपासून, आधी काही लावलं-जाळलं होतं का. गरोदर बाई असेल तर तेही. तीळ काढण्याआधीचा फोटो मोबाईलवर असेल तर तो डॉक्टरांना द्या. पूर्वी हे शक्य नव्हतं, आता प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि माझ्यासारखीला त्या फोटोचा केवढा आधार होतो ते सांगता येणार नाही.

रिपोर्ट आल्यावर कागदाबरोबर स्लाईड आणि ब्लॉक यांची चौकशी करा. मेणात बसवलेला तुकडा वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यातून पुन्हा काप घेता येतो. लंडनमध्ये जॉन हंटर यांनी १७८७ मध्ये काढलेली एक गाठ संग्रहालयात जपून ठेवली होती. ती मेलॅनोमा असल्याचं १९६८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित झालं. आपल्या काळातलं उदाहरण याहून कामाचं आहे. २००२ मध्ये मेलॅनोमाच्या पेशींत बीआरएएफ या जनुकातला बदल सापडला. पुढच्याच वर्षी तोच बदल बहुसंख्य साध्या तिळांतही असल्याचं दिसलं, म्हणजे त्या एकट्या बदलाने कर्करोग होत नाही. पण ज्याला पसरलेला मेलॅनोमा आहे आणि हा बदल आहे, त्याच्यासाठी २०११ पासून त्यावर नेमकं काम करणारी औषधं आली. ती द्यायची की नाही हे ठरवायला जुना ब्लॉक लागतो. तेव्हा लॅबमध्ये अर्ज द्या, ब्लॉकचा नंबर रिपोर्टावरच्या नंबराशी ताडून पाहा, पोच लिहून द्या, आणि घरी आणलात तर उन्हापासून दूर, कोरड्या डब्यात रिपोर्टासोबत ठेवा.